गाणी आपली, तर कुलूपही आपलंच हवं

साधारण १९९० च्या आसपासची गोष्ट. घरातल्या एका लग्नात हळदीच्या रात्री बायका ढोलक घेऊन बसल्या होत्या. मधोमध फुफी. कुणीतरी टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबलं आणि सी-६० ची एक कॅसेट दोन्ही बाजूंनी भरली. दखनी बोलीतली गाणी होती ती. विहिणीला चिडवणारी, नवरदेवाची फिरकी घेणारी आणि शेवटी लेकीला सासरी धाडताना रडवणारी. कुठल्याही पुस्तकात ती नव्हती. फुफीला तिच्या आईकडून आली होती, आईला तिच्या आईकडून.

फुफी गेली. कॅसेट ट्रंकेत राहिली. काही वर्षांपूर्वी घरातल्या एका पोराने ती फोनवर उतरवून घेतली आणि एका व्हिडिओ साइटवर टाकली. हेतू चांगला होता, सगळ्यांना ऐकू यावी म्हणून. पहिला आठवडा कौतुकाचा गेला. मग ती कुणीतरी कुठल्याशा ग्रुपवर फिरवली आणि खाली मुस्लिम बायकांबद्दल जे लिहून आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर नोटीस आली. बायकांनी एक गाणं जुन्या सिनेमाच्या चालीवर रचलं होतं, ते यंत्राने पकडलं आणि तेवढा भाग मुका केला. थोरल्यांनी पोराला झापलं. त्याने सगळंच काढून टाकलं.

मग कॅसेट शोधायला गेलो, तर ती नव्हती. घराला रंग काढताना कुणीतरी म्हणालं होतं, "अब तो नेट पे है ना, ये कचरा कायको रखनेका?" पोराचा फोनही तोवर बदलला होता. एका बाईचा आवाज, जो तीस वर्षं ट्रंकेत सुखरूप होता, तो सहा महिन्यांत संपला. त्याला कुणी शत्रूने मारलं नाही, आपल्याच प्रेमाने मारलं.

हा लेख त्या पोराविरुद्ध नाही. त्याच्या डोक्यात जी समजूत होती तिच्याविरुद्ध आहे, कारण ती आज घरोघरी आहे. समजूत अशी की, आवाज जपायचा तर दोनच रस्ते आहेत. एकतर तो चव्हाट्यावर टाका, नाहीतर कुजू द्या. तिसरा रस्ता आहे. तो स्वस्त आहे, आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांना जमण्यासारखा आहे आणि आपण तो घेत नाही हा निव्वळ आळस आहे. आपल्या घरातल्या एका छोट्या सर्व्हरवर आपली गाणी ठेवायची आणि कुलूपबंद वाटेने ती घरच्यांना कुठेही ऐकू येतील अशी सोय करायची. एवढंच.

भाड्याचं कपाट

"फोनवर सगळं मिळतं, मग हा उपद्व्याप कशाला?" हा पहिला आक्षेप. सगळं मिळतं हे खोटं आहे आणि जे मिळतं ते आपलं नाही.

जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून विकत घेतलेली पुस्तकं परस्पर पुसून टाकली. हक्कांचा घोळ होता, पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण पुस्तक वाचकाच्या हातातून गेलं ते गेलंच. त्यात जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४' होतं, हा योगायोग सोडून देऊ. मार्च २०१९ मध्ये मायस्पेसने कबूल केलं की सर्व्हर हलवताना २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेलं संगीत नाहीसं झालं. पाच कोटींच्या आसपास गाणी. गूगल प्ले म्युझिक २०२० च्या अखेरीस बंद झालं. आपल्याकडे रेसो ३१ जानेवारी २०२४ ला बंद पडलं आणि त्याच वर्षी विंकही गेलं. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकशी करार न जुळल्याने स्पॉटिफायवरून एका रात्रीत लोकप्रिय हिंदी गाणी गायब झाली होती. लोकांच्या यादीत नावं राहिली, पण ती राखाडी. दाबली तरी वाजेनात.

यात कुणी गुन्हा केला असं माझं म्हणणं नाही. करारच तसा असतो. आपण गाणं विकत घेत नाही, ऐकण्याची परवानगी भाड्याने घेतो. मालक घर रिकामं करायला सांगतो तेव्हा भाडेकरूने भांडी उचलायची असतात. आपण मात्र भांडीही मालकाच्याच स्वयंपाकघरात ठेवून आलो आहोत.

आणि भाडं फक्त पैशांत जात नाही. आपण काय ऐकतो, किती वाजता ऐकतो, कुठे थांबतो, काय पुन्हा लावतो, याची नोंद तिकडे होत असते. मोहरमचे दहा दिवस कुणाच्या घरात नौहे लागतात, उर्सच्या आठवड्यात कुणाकडे कव्वाली वाजते, रमजानमध्ये पहाटे कोणता फोन जागा होतो. एवढ्या नोंदींवरून त्या घराचा धर्मच नव्हे, तर फिरका आणि मसलकसुद्धा सांगता येतो. असा हिशोब परक्याच्या वहीत असावा का, याचा विचार निदान आपण तरी करायला हवा. ज्यांच्या फ्रिजमध्ये काय आहे यावरून माणसं मारली गेली, त्यांच्या कानात काय आहे ही माहिती किरकोळ नसते.

तबकडी राहिली म्हणून

थोडं मागे जाऊ. अल्लादिया खाँसाहेब आणि अब्दुल करीम खाँसाहेब. दोघेही उत्तरेकडून आले आणि दोघांनीही महाराष्ट्राचं गाणं घडवलं. अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या कोल्हापुरात राहिले, केसरबाई आणि मोगूबाईंना शिकवलं, १९४६ मध्ये मुंबईत वारले. अब्दुल करीम खाँ मिरजेचे झाले. १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत एका छोट्या रेल्वे स्टेशनवर त्यांनी प्राण सोडला आणि मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं.

आज अब्दुल करीम खाँचा आवाज कुणालाही ऐकता येतो. अल्लादिया खाँचा नाही. दोघांच्या मोठेपणात फरक होता म्हणून नव्हे. एकाने तबकड्या काढल्या, दुसऱ्याने काढल्या नाहीत, एवढंच कारण. अल्लादिया खाँची गायकी शिष्यांच्या गळ्यात उरली, पण त्यांचा स्वतःचा आवाज कसा होता हे आता फक्त लिहिलेल्या आठवणींतून कळतं.

यातला दुसरा धडा जास्त कामाचा आहे. तबकडी निघाली म्हणून आवाज टिकतो असं नाही. ती कुणाच्यातरी कपाटात राहिली म्हणून टिकतो. गौहर जानने १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केलं. तेव्हापासूनच्या किती तबकड्या कंपन्यांनी सांभाळल्या आणि किती वेड्या संग्राहकांनी, हे जुन्या बाजारात हिंडणाऱ्या कुणालाही विचारा. मुंबईत १९९० मध्ये अशा लोकांनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' उभी केली, ती उगाच नव्हे. चोर बाजारात रद्दीच्या भावाने घेतलेली तबकडी पुसून कागदी पाकिटात ठेवणारा माणूस हाच आपल्या संगीताचा खरा विश्वस्त ठरला. त्याचं कपाट आज सर्व्हर झालं आहे, फरक इतकाच.

नाव लिहिण्याचा हक्क

बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेलला महाराष्ट्र शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजाने मैदानं भरली. ते मुसलमान होते हे आजच्या किती तरुणांना माहीत आहे? दोन्ही बाजूंच्या तरुणांना विचारतो आहे. अ‍ॅपवर गाण्याखाली नाव कसं लिहायचं हे आपण ठरवत नाही. तिथे 'पारंपरिक' लिहिलं की रचणारी बाई गेली. 'विविध कलाकार' लिहिलं की ढोलकवाला गेला. भेंडीबाजार घराण्याच्या एखाद्या उस्तादाचं नाव तीन स्पेलिंगांनी तीन ठिकाणी विखुरलं की शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

आपल्या सर्व्हरवर प्रत्येक ध्वनिफितीला चिकटणारी माहिती आपण लिहितो. गाणारी कोण, ढोलक कुणाच्या हातात, गाव कोणतं, प्रसंग कोणता, साल कोणतं, टेप कुणी केली. जात्यावरच्या ओव्यांचं काम आठवा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आज त्या 'परी'वर आहेत. तिथे ओवीखाली बाईचं नाव आहे, गाव आहे. ते सार्वजनिक संग्रहाचं काम आहे, गाणाऱ्या बायांशी बोलून आणि त्यांचा मान राखून केलेलं. चव्हाट्यावर टाकणं आणि जगापुढे मानाने ठेवणं यातला फरक तिथे दिसतो. उद्या आपल्या घरातल्या थोरल्या बायांनी हो म्हटलं, तर दखनी गाण्यांचाही असा संग्रह व्हावा. पण त्यासाठी गाणी आधी हाताशी तर राहायला हवीत. आणि हो की नाही, हे त्यांनी ठरवायचं आहे. ती गाणी बायकांनी बायकांत म्हटली होती. त्यांचा आवाज अनोळखी पुरुषांच्या शिव्यांखाली ठेवण्याचा अधिकार भाच्याला नाही, पुतण्याला नाही आणि मलाही नाही.

करायचं काय

आता कामाचं बोलू. यंत्र म्हणून घरात पडून असलेला जुना लॅपटॉप चालतो. वीज कमी खाणारं हवं असेल तर रास्पबेरी पाय घ्या. त्यावर नॅव्हिड्रोम नावाचा मुक्त आणि मोफत प्रोग्रॅम बसवायचा. तो गाण्यांचं फोल्डर वाचतो, टॅग बघून यादी लावतो आणि ब्राउझरमध्ये किंवा फोनवरच्या अ‍ॅपमध्ये गाणी वाजवतो. सबसॉनिक नावाची जी जुनी पद्धत आहे ती त्याला कळते, त्यामुळे अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालणारी अनेक अ‍ॅप त्याला जोडता येतात. व्हिडिओही ठेवायचे असतील तर जेलीफिन आहे. तोही मोफत.

कॅसेट उतरवायला एक चालू डेक, एक वायर आणि ऑडॅसिटी पुरे. आधी डेकचं हेड साफ करा. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती तशीच लावू नका, टेप तुटेल आणि डेकही खराब होईल. कोकणातल्या घरांत हे हमखास होतं. सीडीच्या दर्जाने उतरवलेला एक तास सुमारे ६३५ एमबी होतो. म्हणजे दोनशे सी-६० कॅसेटी १२७ जीबीत बसतात, आणि तेही न दाबता. फ्लॅक स्वरूपात ठेवल्या तर आवाज तसाच राहून जागा बरीच कमी लागते. मोहल्ल्याचं पन्नास वर्षांचं गाणं खिशात मावेल एवढ्या डिस्कवर येतं. बाहेर इंटरनेट मंद असेल तर नॅव्हिड्रोम गाणं जाता जाता लहान करून पाठवतो, मूळ फाइलला हात लागत नाही.

तीन प्रती ठेवा. एक सर्व्हरवर, एक वेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावी बहिणीच्या घरी. आणि उतरवून झाली तरी कॅसेट फेकू नका. हे वाक्य मी आमच्या घराच्या भिंतीवर लिहायला हवं होतं.

कुलूप

इथपर्यंत पुष्कळ पोरं येतात आणि इथेच घसरतात. घरात गाणी वाजली, आता बाहेरूनही वाजायला हवीत. मग यूट्यूबवरचा एखादा व्हिडिओ बघून राउटरमध्ये पोर्ट उघडतात. नॅव्हिड्रोमचा पोर्ट ४५३३, जेलीफिनचा ८०९६, दोन्ही जगजाहीर आहेत. पासवर्ड ठेवतात मुलीचं नाव आणि १२३. म्हणजे घराचं मागचं दार रस्त्यावर उघडून त्याला सुतळी बांधायची. इंटरनेटवर दिवसरात्र यंत्रं फिरत असतात, अशी दारं ढकलून बघणं एवढंच त्यांचं काम असतं.

भीती घालत नाही, घडलेलं सांगतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने लाखो सीसीटीव्ही कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. कसे? कंपनीने दिलेले मूळ पासवर्ड कुणी बदललेच नव्हते. आपल्या गल्लीत कॅमेरे बसवणाऱ्या पोरांनी हे लक्षात ठेवावं. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीत चोरी झाली. चोर शिरला तो एका इंजिनियरच्या घरच्या कॉम्प्युटरमधून. त्यावर प्लेक्स हे गाणी-सिनेमे वाजवणारं सॉफ्टवेअर होतं. त्यातल्या ज्या भोकातून चोर आला ते कंपनीने २०२० मध्येच बुजवलं होतं. साहेबांनी अपडेट केलं नव्हतं. जगभरची कुलपं सांभाळणाऱ्या कंपनीची तिजोरी घरातल्या गाण्यांच्या पेटीमुळे फुटली.

म्हणून रस्त्यावर दार उघडूच नका. वायरगार्ड वापरा. हा एक बोगदा आहे. घरातला सर्व्हर आणि तुमचा फोन यांच्याकडे एकमेकांच्या किल्ल्या असतात आणि मधला सगळा प्रवास कूटबद्ध होतो. किल्ली नसलेल्याने ठोठावलं तर आतून उत्तरच येत नाही, तिथे दार आहे हेही त्याला कळत नाही. मार्च २०२० पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आहे, वेगळा विकत घ्यायचा नाही. अम्मीच्या फोनला एक किल्ली, भावाच्या फोनला दुसरी. फोन हरवला की तेवढी किल्ली रद्द करायची, बाकीच्यांना काही त्रास नाही.

एक अडचण येते. आपल्याकडे पुष्कळ ब्रॉडबँड आणि मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच पत्ता देतात. त्यामुळे बाहेरून तुमच्या घरापर्यंत सरळ पोचता येत नाही. अशा वेळी टेलस्केल उपयोगी पडतं. तेही वायरगार्डवरच चालतं. किल्ल्यांची गाठ घालून देण्याचं काम त्या कंपनीचा सर्व्हर करतो, गाणं मात्र कूटबद्धच जातं. ही थोडी तडजोड आहे हे जाणून घ्या आणि वापरा. सर्व्हर उघड्यावर ठेवायचाच असेल, तर एचटीटीपीएसशिवाय नको. लेट्स एन्क्रिप्ट २०१५ पासून प्रमाणपत्र फुकट देतं, कॅडी नावाचा प्रोग्रॅम ते आपोआप आणून बसवतो, म्हणजे पैशांचं कारण उरत नाही.

आणखी दोन गोष्टी. सबसॉनिकची पद्धत जुनी आहे. तिच्यामुळे सर्व्हरला तुमचा पासवर्ड परत वाचता येईल अशा रूपात ठेवावा लागतो. म्हणून तिथला पासवर्ड स्वतंत्र ठेवा, बँकेचा किंवा ईमेलचा मुळीच नको. आणि गाण्यांचं फोल्डर नॅव्हिड्रोमला फक्त वाचण्यासाठी द्या. आत कुणी शिरलंच तरी त्याला पुसता येऊ नये.

आक्षेप

पहिला आक्षेप मशिदीच्या पायऱ्यांवरून येतो. संगीतच हराम, त्याची जपणूक कसली? हा वाद आजचा नाही. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. अंदलूसच्या इब्न हज्मने संगीताविरुद्धच्या रिवायती कमजोर ठरवल्या. आपल्या हनफी उलेमांतल्या अनेकांनी वाद्यांना विरोध केला, तर चिश्ती खानकाहांनी समाअ सोडला नाही. ज्याला जे पटतं त्याने ते पाळावं. पण मला सांगा, ज्यांना वाद्य चालत नाही त्यांच्याकडे जपण्यासारखं काही नाही का? नात आहे, हम्द आहे, मरसिया आहे. तीस वर्षं गल्लीला उठवणाऱ्या मुअज्जिनची अजान आहे. दखनीतून दिलेलं एखाद्या जुन्या मौलानाचं बयान आहे. तेही कॅसेटवरच होतं आणि तेही कुजतं आहे. सर्व्हर म्हणजे फतवा नाही, कपाट आहे. आत काय ठेवायचं ते घरमालकाने ठरवावं.

दुसरा आक्षेप जास्त कुजबुजत येतो आणि आपल्याच भल्याच्या सुरात येतो. "भाई, आपण मुसलमान. घरात सर्व्हर, वर व्हीपीएन. कुणी विचारलं तर?" ही भीती खोटी नाही, तिला हसणार नाही. पण भीतीला माहितीने उत्तर द्यावं. भारतात व्हीपीएन वापरणं बेकायदा नाही. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनी व्हीपीएनची सेवा देणाऱ्या कंपन्यांवर ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवण्याचं बंधन घातलं. ते कंपन्यांसाठी आहे. आपल्याच घरात जायला आपण केलेली वाट ही कुणाची सेवा नव्हे. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत प्रशासनाने व्हीपीएनवर बंदीचे आदेश काढले आहेत, तसा आदेश जिथे असेल तिथे तो पाळावाच लागेल. आखातातल्या भावांनीही तिथला कायदा बघून मगच फोनवर हे चढवावं. रत्नागिरी-रायगडची अर्धी घरं कुवेत आणि दुबईत आहेत, त्यांना घरची गाणी पोचावीत ही माझी इच्छा आहे, त्यांच्यावर संकट यावं ही नाही.

पण मुद्दा कायद्यापुरता नाही. दाराला कडी लावणारा माणूस संशयित कधीपासून झाला? बँक तुमचा व्यवहार कूटबद्ध करते तेव्हा तिला सुरक्षित म्हणतात. तेच आपण केलं की लपवाछपवी? कुरआनच्या सूरह नूरमध्ये (२४:२७) दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय शिरू नये असा हुकूम आहे. सूरह हुजुरातमध्ये (४९:१२) लोकांच्या मागे हेरगिरी करण्याला मनाई आहे. घराचा उंबरठा राखणं ही आपल्याकडे गुन्हेगाराची खूण नाही, अदब आहे. आणि ज्यांचा कुरआनशी संबंध नाही त्यांनी राज्यघटना बघावी. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हक्क वापरला नाही की तो गंजतो. आपण घाबरून कडी काढून ठेवली, तर उद्या कडी असणंच चमत्कारिक वाटू लागेल.

तिसरा आक्षेप हक्कांचा. इतरांच्या गाण्यांचं काय? तर सरळ वागा. ध्वनिमुद्रणावरचा हक्क भारतात प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. १९३० च्या दशकातल्या तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणावर तसा हक्क आता उरलेला नाही. नव्या गाण्यांची सीडी किंवा फाइल विकत घ्या आणि ती आपल्यासाठी आपल्या सर्व्हरवर ठेवा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापराला जागा आहे. ती जागा घरापुरती आहे. सर्व्हर गावभर उघडून फुकटचं रेडिओ स्टेशन चालवायला नाही. कलावंताला पैसे मिळालेच पाहिजेत, आणि त्याची फाइल तुम्ही विकत घेतली तर भाड्याच्या अ‍ॅपपेक्षा त्याच्या हाती जास्त पडण्याची शक्यता आहे.

उरलेला आक्षेप म्हणजे "हे करणार कोण?" करणारे तुमच्या गल्लीतच बसले आहेत. मोबाइल दुरुस्त करणारा, कॅमेऱ्याच्या वायरी ओढणारा, डिप्लोमा करून नोकरी शोधणारा. या पोरांच्या हाताला हुनर आहे. त्याला कुणी काम दिलेलं नाही. आपल्या जमातींकडे जलशांच्या मंडपाला पैसे असतात, लाउडस्पीकरला असतात. एक डेक, एक डिस्क आणि एका पोराचा तीन महिन्यांचा पगार एवढ्या खर्चात मोहल्ल्यातल्या सगळ्या ट्रंका उतरवून होतील. ज्याची त्याची फाइल ज्याच्या त्याच्या घरी, कुणाचं काही चव्हाट्यावर नाही.

आमचा इतिहास पुसला जातो म्हणून आपण रोज ओरडतो. शहरांची नावं बदलली, धड्यातून पानं गेली, हे खरंच आहे आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण फुफीची कॅसेट कुठल्या सरकारने फेकली नाही. ती आपण फेकली. जे आपल्या हातात होतं तेही राखता आलं नाही, तर जे दुसऱ्याच्या हातात आहे त्याबद्दलच्या आपल्या ओरडण्याला वजन कुठून येणार?

येत्या ईदला गावी जाल तेव्हा शीरखुर्मा झाल्यावर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, कॅसेटी कुठे आहेत. ती ट्रंक दाखवेल. आणि ट्रंकेत काही नसेल तर तिलाच समोर बसवा, तिची परवानगी घ्या आणि फोनचं लाल बटण दाबा. फाइल घरी आणा, तिचं नाव लिहा, तीन प्रती करा, कुलूप लावा. मग तिच्या फोनवर तिचंच गाणं तिला ऐकवा.